जाड टायर आणि एक रीळ

“नाही बसत,” धाऊ लोहार म्हणाला, आणि म्हाताऱ्या बेल्गासेमच्या चेहऱ्यावर ईदचा चंद्र उगवला. त्याने तो लगेच ढगाआड लोटला आणि दुःखाने मान हलवली.

सायकल धाऊच्या दुकानासमोर दोन डब्यांवर टेकवलेली होती, मागचं चाक अधांतरी. टायर कसले, उंटाच्या पिल्लाची मानच ती. नव्या कॅरियरचे दोन्ही पाय त्या टायरच्या कुशीत घुसत होते, आणि चाक फिरवलं की खर्र खर्र आवाज यायचा. पाय वाकवावेत तर धातू हलका, तुटलाच असता.

वाळवंटाच्या कडेला असलेल्या दूझ गावातल्या चहाच्या दुकानात भिंतीकडची खुर्ची बेल्गासेमची. तिथे बसून तो वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. तरुणपणी तो सायकलवरून वाळू तुडवत क्सार घिलानच्या गरम झऱ्यापर्यंत गेला होता, एकटा. वाटेत टायर फुटला तेव्हा त्यात खजूर कोंबले. घरी पोचेपर्यंत ते असे मळून निघाले की त्याच्याच लग्नात वाढले गेले. ब्रेकची तार तुटली तेव्हा तिच्या जागी साप बांधला. साप स्वभावाने भला, उतार दिसला की न सांगता आवळायचा.

मग एक परदेशी प्रवासी ही सायकल मागे टाकून गेला, आणि दुकानातल्या मंडळींनी ती मोठ्या प्रेमाने बेल्गासेमपुढे आणून उभी केली. पुन्हा एकदा जाऊन ये, म्हणाले, झऱ्याचं पाणी घेऊन ये. नाही गेलास तर खुर्ची सोड आणि आमच्यात पत्ते खेळायला बस, मुकाट्याने.

कॅरियर नाही तर पाणी नाही, आणि पाण्यावाचून म्हाताऱ्याला वाळूत धाडणारं त्या गावात कुणी नव्हतं. त्यामुळे आता सगळं त्या कॅरियरवर येऊन ठेपलं होतं. धाऊने तो पुढे सरकवून पाहिला, मागे सरकवून पाहिला. प्रत्येक खर्रसरशी बेल्गासेमला पुदिना घातलेला चहा प्यायल्यासारखं वाटत होतं.

“राहू दे रे बाबा,” तो म्हणाला. “अल्लाच्या मनात नसेल तर आपण कोण?” सायकलीनेच कसा ऐन वेळी हट्ट धरला, याची गोष्ट तो मनातल्या मनात जुळवायलाही लागला होता.

एवढ्यात त्याची बायको मबरूका आली. एका हातात वाटेसाठी रोट्या, खांद्यावर पाण्याची कातडी पिशवी. चहाच्या दुकानात तिने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिथली गोष्ट कधी घरी आली नव्हती. कॅरियर अजून का बसला नाही, एवढंच तिने विचारलं. धाऊने चाक फिरवून खर्र ऐकवलं. तिने टायर अंगठ्याने दाबला, मग कमरेला खोचलेल्या लोकरीच्या पिशवीतून दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ काढून धाऊच्या हातात ठेवलं.

“हे मधोमध काप. अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला, पाय आणि सांगाडा यांच्यामध्ये. बोल्ट लांब घाल.”

धाऊने रीळ कॅरियरच्या पायाशी धरून पाहिलं. मावशी, हे तुला कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं.

“शिकवायचंय काय त्यात? मागच्या खेपेला असंच केलं होतं. फुटलेल्या टायरमध्ये गवत कोंबलं, तर तो फुगला आणि कॅरियर घासायला लागला. मी मागे बसले होते. रीळ माझंच.”

“गवत? खजूर नव्हते?” धाऊने विचारलं.

“खजूर कोण टायरात घालतं? ते आम्ही खाल्ले.”

ती गोष्ट बेल्गासेमने इतक्या वेळा सांगितली होती, की तिच्यातली वाळू कुठली आणि आपण कालवलेलं पीठ कुठलं, हे आता त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. साप त्याला लख्ख आठवत होता. पण त्या गोष्टीत सायकलवर त्याच्या मागे, इतक्या वर्षांत, कुणीच बसलं नव्हतं.

“काका, मावशी खरंच होती?” धाऊने हळूच विचारलं.

बेल्गासेमने टायरवर हात फिरवला. “मागे वजन होतं खरं,” तो म्हणाला. “मला वाटायचं पाणी असेल.”

धाऊने रीळ कापलं, लांब बोल्ट शोधले, नट आवळले. कॅरियरचे पाय किंचित फाकले. चाक फिरलं ते बिनआवाजी, आणि टायर नि पाय यांच्यामधून बोट सहज गेलं. त्याने सायकल डब्यांवरून खाली उतरवली. मबरूकाने कॅरियरवर घोंगडी दुमडून टाकली, पाण्याची पिशवी एका बाजूला लटकवली आणि ती दुसऱ्या बाजूला पाय सोडून बसली. कॅरियर एकदा कुरकुरला आणि गप्प झाला.

“चल म्हाताऱ्या,” ती म्हणाली. “रस्ता विसरलास तर मी आहे.”

बेल्गासेमने टोपी कानावर ओढली आणि पायडल मारलं. सायकल डुलली, सावरली, चौक ओलांडून चहाच्या दुकानापुढून गेली. आतली मंडळी हातात ग्लास धरून दारात उभी राहिली. भिंतीकडची खुर्ची रिकामी होती, पण तिच्याकडे कुणी सरकलं नाही.

धाऊला राहवेना. तो चार पावलं सायकलीमागे धावला. “मावशी, आणि तो साप?”

मबरूकाने मागे वळूनही पाहिलं नाही.

“भला होता बिचारा.”