चिकटलं तर हाड

म्हाताऱ्याने मातीतून काहीतरी उचललं, अंगठ्याने पुसलं आणि सिंधूच्या तोंडाजवळ नेलं. सिंधूने जीभ बाहेर काढली.

खिडकीतून ते पाहून विद्या खुर्चीतून उठलीच.

"अगं, निघालीस कुठे?" शेजारच्या इंदुमतीने तिचा पदर ओढला. "आत्ता कुठे चित्रं दाखवायला लागलेत."

"तो माणूस तिला काहीतरी चाटवतोय."

"कोण, परमलाल? तीस वर्षं खोदकामावर घालवलीत त्याने. बस गं खाली. मुलगी काय पळून जातेय?"

विद्या बसली नाही. तीन दिवस तिने खिडकीजवळची हीच खुर्ची धरली होती. संग्रहालयाची पाच दिवसांची कार्यशाळा होती. आत मोठ्यांसाठी व्याख्यान, बाहेर आवारात मुलांसाठी लुटुपुटीचं उत्खनन. विटांच्या चौकोनात माती टाकलेली आणि मातीत खापरं, हाडं, मणी पुरलेले. नवऱ्याने, दिवाकरने, परस्पर सिंधूचं नाव घातलं होतं. "चार पोरांत मिसळू दे तिला जरा," तो म्हणाला होता. "तू आपली दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसतेस."

बसू नको तर काय करू? साडेपाच वर्षांची पोर दिवाळीपासून एक अक्षर बोलली नव्हती. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले. नुसतं ठीक आहे म्हणून भागतं? विद्याने शाळेतल्या बाईंवर संशय घेतला. मग समोरच्यांच्या कुत्र्यावर, मग गल्लीतल्या पोरांवर. आधी किती बडबडायची! अर्धं हिंदी, अर्धं गल्लीतलं, पण बोलायची. विद्याच तर एकेक शब्द धरून शुद्ध मराठीत नीट करून घ्यायची. असं नाही, असं म्हण. पुन्हा म्हण. जिभेवर बसेपर्यंत दहादा. बी.ए. झालेल्या आईने आणखी किती मेहनत घ्यायची?

आणि आता हा परमलाल. पहिल्याच दिवशी विद्याच्या लक्षात आलं होतं, सिंधू इतर मुलांना सोडून त्याच्याच शेजारी उकिडवी बसते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या तोंडाशी कान नेऊन खदखदून हसताना दिसला. न बोलणाऱ्या मुलीशी कोणी इतकं हसतं? विद्या दाराशी आली की हसणं बंद. दोघं खाली माना घालून माती उकरायला लागायची, जणू काही झालंच नाही. काल घरी येताना तिने विचारलं होतं, "काय करतो गं तो? काय देतो तुला?" सिंधू रस्ताभर आपल्या चपलांकडे बघत चालली.

विद्या आवारात पोचली तेव्हा सिंधूची जीभ अजून बाहेरच होती. तिच्यावर बोटाएवढा पांढुरका तुकडा.

"क्या खिला रहे हो बच्ची को?"

"खिला नईं रए, बाई साब. पारख सिखा रए." परमलालने दुसरा तुकडा स्वतःच्या जिभेला लावला. तो तिथेच लटकला. काढून म्हणाला, "चिपक गओ, तो हड्डी. नईं चिपको, तो पथरा. बड़े-बड़े साहब ऐसेई देखत."

"शी! थुंक ते, सिंधू. थुंक आधी." विद्याने पर्समधून रुमाल काढला, उकळलेल्या पाण्याच्या बाटलीत भिजवला आणि मुलीचं तोंड खसाखसा पुसलं. सिंधूने ओठ घट्ट मिटून घेतले.

"और रोज़ ये क्या खुसुर-फुसुर चलती है?" विद्याचा आवाज चढला. "यह बोल नहीं सकती. घर आकर कुछ बता नहीं सकती. इसीलिए इसी को पकड़ा है ना?"

चाळणीभोवतीची मुलं थांबली. परमलालचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हळू म्हणाला, "को कहत, बोल नईं सकत? जे तो दिन भर बोलत. हमाए कान खा गई."

"झूठ!"

"इनकी गुड़िया को नाम रज्जो है. एक टाँग छोटी सिल गई, सो लँगड़ात. जा बात हमें कौन ने बताई?"

विद्याचा हात जागीच थांबला. जुन्या साडीची ती बाहुली तिने स्वतः शिवली होती. एक पाय आखूड झाला होता खरा. पण नाव?

ती सिंधूसमोर गुडघ्यांवर बसली. "रज्जो नाव आहे तिचं? बोल ना, सोन्या. तू सांगितलंस यांना? मला सांग की. हं, नीट सांग."

सिंधूचे ओठ आणखी मिटले. नजर चपलांवर.

"ऐसे नईं, बाई साब," परमलाल म्हणाला. "आप उते मुँह कर लो. दीवार तरफ."

"मैं? क्यों?"

"कर तो लो."

चार खडे बोल विद्याच्या ओठांवर आले होते. ते गिळून ती उठली आणि वळली. समोर संग्रहालयाची पिवळी भिंत आणि एक गळका नळ. दिवाळीपासून तिने मुलीकडे अशी पाठ केली नव्हती. मागे चाळणी हलायला लागली. माती खाली पडत राहिली. बराच वेळ तेवढंच. विद्याच्या पाठीला जसे कान उगवले होते.

मग आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. रोजच्या वापरातला.

"काका, आई इते देख तो नईं रई?"