पिवळा धोबी, सहा मे

पिवळा धोबी तळ्याकाठच्या दगडावर बसून शेपटी खालीवर करत होता आणि सुधींद्रराव त्याच्याकडे टक लावून बघत होते. आज सहा मे. या दिवसांत हा पक्षी इथं असायलाच नको होता. त्याचे भाऊबंद एप्रिल संपायच्या आत केलगेरीचं तळं सोडून उत्तरेला गेलेले. हा एकटाच मागं राहिलेला, आणि त्याचंही लक्षण काही थांबायचं दिसत नव्हतं. दोन पावलं चाले, मान वर करून आभाळाकडे बघे, पुन्हा दगडावर येई.

सुधींद्ररावांनी खिशातून वही काढली, पेन काढलं आणि दोन्ही परत खिशात घातली. धारवाडच्या पक्षिमित्रांचा नियम होता: पक्षी जायची तारीख उलटल्यावरची नोंद करायची, तर तो दोन माणसांनी बघितलेला हवा. एकट्याचं बघणं धरायचं नाही. नियम दुसऱ्या कुणी नाही, सुधींद्ररावांनीच केलेला. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस. साक्षीदाराशिवाय त्यांचा देवावरही विश्वास बसला नसता. फोनवर फोटो काढून बघितला. दगडाशेजारी एक पिवळा ठिपका आला, लिंबाची साल म्हणूनही खपला असता. कॅमेरावाल्या योगेशला फोन लावला, तर तो लग्नाला कलघटगीला.

बांधावर दुसरं एकच माणूस होतं. प्रभंजन.

शंभर पावलांवरच्या सिमेंटच्या बाकावर, गळ्यात दुर्बीण अडकवून तो नेहमीसारखा बसला होता. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेला, धारवाडातल्याच मळमड्डी भागातला, सुधींद्ररावांचा पहिलीपासूनचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी त्यानं चार मेला इथंच पिवळा धोबी बघितल्याचं सांगितलं होतं. एकट्यानं. सुधींद्ररावांनी भर सभेत ती नोंद खोडली. तेवढ्यावर थांबतील तर ते सुधींद्रराव कसले! "एप्रिल संपला की धोबी संपला. प्रभ्या, डोळे तपासून घे," असं वर म्हणाले. सगळे हसले. प्रभंजनही हसला आणि त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला.

तळ्यावर यायचं मात्र त्यानं सोडलं नाही. रोज सकाळी सून उत्तरा त्याला स्कूटरवरून सोडून जायची आणि हा तासभर बाकावर ऐटीत बसायचा. मुद्दाम येतो, आपल्याला खिजवायला येतो, असं सुधींद्ररावांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

धोबी दगडावरून उतरला. पुन्हा चढला.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण बघितलेला पक्षी न बघितल्यासारखा करणं सुधींद्ररावांच्या रक्तात नव्हतं. आणि आज सहा मेला धोबी इथं असेल, तर त्या वर्षी चार मेलाही असू शकत होता. म्हणजे ज्याला चारचौघांत खोटा पाडला, तोच खरा असणार. हे मनात आलं तसे त्यांचे कान तापले. त्यांना उभं राहवेना. आवाज नको म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या आणि अडुसष्टाव्या वर्षी ते बांधावरून अनवाणी पळत सुटले.

"प्रभ्या, बेगा बा, लवकर ये!" त्यांना धाप लागली होती. "पिवळा धोबी! नोडो, तो बघ, पाण्यातल्या म्हशींच्या अलीकडं, दगडावर!"

प्रभंजन दचकला. बाकाची कड धरून उठला. "सुध्या? तू?"

"मीच रे बाबा. तुझी चार मेची नोंद खरी होती. चुकलं माझं. सगळ्यांपुढं सांगतो, वहीत परत लिहितो. पण आधी हा बघ, उडेल तो!"

प्रभंजनची हनुवटी थरथरली. त्यानं घाईघाईनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तळ्याकडे वळला.

तेवढ्यात धोबी उठला. चकार शब्द न काढता पाण्यावरून हेलकावे घेत गेला, पलीकडच्या झाडांवर ठिपका झाला आणि दिसेनासा झाला. सुधींद्ररावांचा जीव चुटपुटला. एका क्षणानं हुकलं होतं.

"दिसला की," प्रभंजन म्हणाला. "काय सुरेख आहे रे! पोट हळदीसारखं, डोकं राखाडी, पाठीवर शेवाळी झाक. शेपटी बघ कशी हलवतोय."

सुधींद्ररावांनी दगडाकडे बघितलं. दगड मोकळा होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. असले पढवलेले साक्षीदार त्यांनी कोर्टात पैशाला पासरी बघितले होते. खरमरीत काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांचं लक्ष दुर्बिणीकडे गेलं. ती दगडाच्या रोखानं नव्हतीच. नुसत्या पाण्याकडे होती. त्यांनी हळूच भिंगांपुढं हात धरला. प्रभंजन धोब्याच्या पंखांवरच्या रेघा सांगतच राहिला.

हात आपोआप खाली आला. ज्याला समोरचा हात दिसत नाही, तो रोज सकाळी या बाकावर कुणाच्या पावलांची वाट बघत बसत होता, ते सुधींद्ररावांना कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सुध्या, का गप्प झालास?" प्रभंजननं दुर्बीण न काढता विचारलं. त्याच्या आवाजात धास्ती होती. "आहे ना रे अजून तो?"

सुधींद्ररावांनी मोकळ्या दगडाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"आहे," ते म्हणाले आणि बाकावर टेकले. "बघ तू निवांत. मी बसलोय."