पणजीचे ओठ

आमच्या वायंडॉट या अमेरिकन आदिवासी जमातीतल्या आज्यांचं चित्र मी धान्यदुकानाच्या भिंतीवर काढलं. सगळं नीट उतरलं. पणजीचे ओठ मात्र रोज सकाळी किंचित उघडे दिसत, आणि मी रोज रंग लावून ते मिटवत होते.

"तिला गप्प बसायची सवयच नव्हती गं," लिओटा मावशी हसली. मग एकदम थांबली. "खाली तिचं नाव लिहिलंस?"

"लिहिलं. का?"

"अगं वेडे, तेच नाव येत्या सणाला तुझ्या टेसाला द्यायचंय! आपल्या कासवकुळात एक नाव एका वेळी एकीचंच. बाई गेली म्हणून ते मोकळं झालं होतं. तू तिला परत आणून बसवलंस."

मी नाव खरवडून काढलं. सकाळी पणजीच्या ओठांत दात दिसले. दात मी रंगवलेच नव्हते.

कोवळ्या मक्याच्या सणाला सगळं कूळ भिंतीकडे पाठ करून बसलं. माझी अकरा वर्षांची लेक टेसा आठवडाभर ओ द्यायचा सराव करत होती. मावशीनं नाव पुकारलं.

टेसा उठली. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

ओ आली ती आमच्या पाठीमागून.