पलीकडचा कान

"जन्माचा दाखला नाय म्हणून लेकरू परत धाडता येत नाय, गुर्जी. म्या इचारून आलेय," असे म्हणत डोंबाऱ्याचा खेळ करणाऱ्या शेवंताने लेकीला पुढे केले आणि खांद्यावरचा ढोल शाळेतल्या वर्गाच्या उंबऱ्याशी टेकवला.

मुख्याध्यापक हसले. "मग जुनी कसोटी घेऊ. पोरी, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर. धरलास तर सहा वर्षांची. नाही तर पुढच्या वर्षी ये."

मुलीला सातवे सरत आले होते, हे आईवाचून कोण जाणणार? पण अर्धपोटी वाढलेल्या त्या हाताची बोटे टाळूपाशीच थांबली. मुलीने क्षणभर आईकडे पाहिले. मग एक पाय सहज उचलून मानेमागून नेला आणि पायाच्या बोटांनी पलीकडचा कान धरला.

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाहवा! आणखी एक करून दाखव," गुरुजी उद्गारले.

ज्या टाळ्यांवर शेवंताचे अवघे आयुष्य पोसले होते, त्याच आज प्रथम तिच्या काळजाला झोंबल्या. तिने लेकीचा पाय हळुवारपणे जमिनीवर ठेवला.

"टाळ्यांना आमाला बाजार हाय, गुर्जी. हितं ती बसाया आलीया." एवढे बोलून ती ढोलाशेजारी उंबऱ्यावरच बसली. "नाव घालंस्तवर म्या उठत नाय. आन् ती पाय उचलत नाय."

गुरुजींचे हसू मावळले. त्यांनी चष्मा पुसला आणि लेखणी उचलली. "नाव सांगा, बाई."

शेवंताने लेकीकडे पाहिले. दोन्ही पायांवर ताठ उभी राहून मुलीनेच आपले नाव सांगितले.