खालची दोरी

तालमीत कोंगची नडगी मोडली, त्याचा आवाज पार आंब्याखालपर्यंत आला. फाईला आधी आठवला तो स्वतःचा उजवा हात. तो तिने पाठीमागे लपवला.

सकाळीच त्या हाताने ती नको तो उद्योग करून बसली होती. विद्यापीठात तिच्या प्रबंधाचा विषय होता बाई आणि खेळ, त्यासाठीच ती या तालमीत मुक्कामाला आली होती. जत्रेतल्या मुष्टियुद्धाच्या लढतीत पुरुष वरच्या दोरीवरून उडी टाकून रिंगमध्ये उतरतो. बाईने मात्र सगळ्यांत खालच्या दोरीखालून सरपटत शिरायचं. आणि ख्रू बुनमांच्या, म्हणजे इथल्या वस्तादांच्या, तालमीतल्या रिंगला तर बाईने बोटही लावायचं नाही, नाहीतर लढणाऱ्याचं बळ जातं, हाड मोडतं. फाईने यावर चाळीस पानं लिहिली होती. 'अंधश्रद्धा' हा शब्दच अकरा वेळा आला होता. बाईला नेमकं किती वाकावं लागतं ते मोजून आण, असं तिच्या प्राध्यापिका म्हणाल्या. म्हणून पोरं भात खायला बसलेली बघून ती टेप घेऊन खालची दोरी मोजायला गेली. टेप हातातून सुटला, आत घरंगळला. तो काढताना तिचा हात कोपरापर्यंत कॅनव्हासवर टेकला.

दुपारी सराव करताना कोंग नेमका तिथेच पडला.

त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तसं ख्रूंनी सगळ्यांना रिंगपाशी बोलावलं. साठी उलटलेला माणूस, उजवा गुडघा अजिबात वाकत नाही, विहारातही खुर्ची मागून घेतो. ते खांबाला टेकून उभे राहिले.

"रिंगवर बाई चढली होती का कोणी?"

"बाई कशाला, विद्यापीठ चढलं असेल," मागून कोणीतरी फाईकडे बघत म्हणालं. कोणी हसलं नाही.

"खरं कळत नाही तोवर मुलींचा सराव बंद," ख्रू म्हणाले. "उचला त्या चटया."

कोंबड्यांच्या खुराड्यामागे, रबरी चटयांवर, सहा मुली सराव करायच्या. ख्रूंची बायको लमून मावशी वर्षभर नवऱ्याच्या मागे लागली, तेव्हा कुठे तेवढी जागा मिळाली होती. त्यांतल्या सोमची पहिली लढत आठ दिवसांवर आली होती. ती हाताला गुंडाळलेली पट्टी सोडायला लागली.

फाईची पाचावर धारण बसली. गप्प राहावं तर सहा पोरी घरी जाणार. बोलावं तर कोंगचा पाय जन्मभर आपल्या माथी. आणि खरी गोष्ट अशी की, चाळीस पानं लिहिणाऱ्या या मुलीला त्या घटकेला मनापासून वाटत होतं, त्याचं हाड आपणच मोडलं. पुस्तकातला धीर पुस्तकातच राहतो.

"माझा हात लागला होता," ती म्हणाली. "सकाळी."

ख्रू अंगावर धावून येतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तर सुटल्यासारखा श्वास टाकला. तिला ते विचित्र वाटलं, पण भेदरलेल्या माणसाला पुढचा विचार कुठला सुचतोय.

"म्हणजे तू होतीस," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "तू होतीस! चल, सामान भर तुझं. आणि या पोरीही नकोत आता. बायका तालमीत घेतल्या की हे असंच व्हायचं."

एवढ्यात स्वयंपाकघरातून लमून मावशी आली. हातात बादली, खांद्यावर फडकं. कॅनव्हासवर कोंगचं रक्त तसंच पडलेलं होतं.

या मावशीपाशी बसून फाई रोज आपली टिपणं वाचून दाखवायची. 'रिंग ख्रू स्वतः रोज पहाटे पुसतात' हे वाक्य ऐकून मावशी इतकी हसली होती की हातातला बत्ता पपईची कोशिंबीर कुटायच्या खलाबाहेर पडला. "शिकलेली माणसं फार लांबचं बघतात गं," एवढंच म्हणाली होती. फाईला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

"मावशी, थांबा," फाई ओरडली. "तिकडे नका जाऊ!"

मावशीने दोन हातांनी दोऱ्या फाकवल्या आणि ती वर चढली. पोरं मागे सरकली. कोणीतरी गळ्यातला ताईत घट्ट धरला. मावशीने लुंगी वर खोचली आणि गुडघे टेकले. दोन्ही गुडघ्यांवर काळे घट्टे होते.

"लमून, खाली उतर," ख्रू म्हणाले.

"हात लागला म्हणून पोरीला हाकलताय? मी नऊ वर्षं गुडघे टेकतेय इथे. पोरं पहाटे पळायला गेली की, रोज." तिने फडकं बादलीत पिळलं. "तुमचा गुडघा गेला तेव्हा ही बादली माझ्या हातात कोणी दिली, सांगा की यांना! पोरांनी जिंकलेले भिंतीवरचे चौदा पट्टे त्यानंतरचेच आहेत. प्रत्येक लढतीला मी जीव मुठीत धरून बसलेय. आजही आवाज आला तेव्हा वाटलं, माझ्यामुळेच मोडला त्याचा पाय."

ख्रूंनी भिंतीकडे पाहिलं. बायकोकडे काही त्यांना बघवेना. सोमने सोडलेली पट्टी परत हाताला गुंडाळायला घेतली.

मावशी पुसत राहिली. डाग निघाला तशी मान वर न करताच म्हणाली,

"फाई, वही काढ. 'रिंग ख्रू पुसतात' लिहिलंयस ना, ते आधी खोड."