तिप्पट पगार

पासपोर्ट कपाटात नव्हता. साक्षीनं साड्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या, खाली अंथरलेलं वर्तमानपत्रही उचललं. शेवटी आई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, इंद्रजित सुट्टीला आला होता तेव्हाच घेऊन गेलाय, साताऱ्यातल्या एजंटाकडं दिलाय. सांगताना तिनं मान वर केली नाही.

साक्षी न जेवता म्हसवडच्या स्टँडवर आली आणि मिळेल त्या एसटीत चढली. दहिवडी गेली, पुसेगाव गेलं, तरी तिच्या मुठी वळलेल्याच होत्या. दोन वर्षं ती व्हिएतनाममधल्या एका डोंगराळ गावात इंग्रजी शिकवत होती. सुट्टीपुरती घरी आली होती, महिनाअखेर परत जायचं होतं. आणि इंद्रजितनं, सख्ख्या भावानं, पासपोर्ट नेऊन दिला होता, तिला एका शब्दानं न सांगता.

का, ते एजंटाच्या ऑफिसात कळलं. आखातातल्या एका शाळेला तिचा होकार परस्पर कळवून झाला होता. बाळासो नावाचा तो एजंट फार गोड बोलत होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. पगार व्हिएतनामच्या तिप्पट, राहणं-खाणं शाळेचं, म्हणजे आख्खा पगार शिल्लक. पासपोर्ट शाळेच्या ताब्यात राहील, बायकांना कंपाउंडबाहेर पडायचं तर आठवड्यातून एकदा आणि तेही शाळेच्या बसनं, हेसुद्धा त्यानं त्याच गोड आवाजात सांगितलं. तिनं विचारलं, शिकवायचं कसं असतं तिथं. तो हसला. भिंतीवरच्या टीव्हीवर धडा चालू असतो, मुलं गप्प बसली की झालं.

तिनं पासपोर्ट मागितला. ज्यांनी दिलाय त्यांच्याच हातात देणार, असं तो म्हणाला. साक्षीनं इंद्रजितला फोन लावला आणि इतकंच सांगितलं, की ती साताऱ्यात आहे आणि पासपोर्ट घेतल्याशिवाय इथून उठणार नाही.

शिरवळच्या कंपनीतली पाळी संपवून इंद्रजित तसाच मोटारसायकलवर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळे तारवटलेले.

"मला न इचारता?" साक्षी म्हणाली. "पासपोर्ट माझा, नोकरी माझी, आन् मलाच न इचारता?"

"तुला शिकवायचं ठरवलं तवा मी तरी कुणाला इचारलं व्हतं?"

मग त्याच्या तोंडाला खळ राहिली नाही. बारावीला दोघांत हुशार तोच होता. वडील गेले, मेंढरं विकली आणि तो शिरवळला मशीनवर उभा राहिला, कारण हिचं कॉलेज बंद पडायला नको होतं. घरावर अजून पत्रा आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलत चाललंय. दोन वर्षं परदेशात राहून हिनं आणलं काय, तर कॉफीची पुडकी.

साक्षीही ऐकून घेईना. खोलीचं भाडं आणि जेवण वजा जाता जे उरत होतं ते ती दर महिन्याला पाठवत होती. पहिल्या सहामाहीत तिथल्या पालकांना गोरी बाई हवी होती, मुलं साक्षीच्या उच्चारांची नक्कल करत होती, ती रोज खोलीवर येऊन रडत होती. तरी टिकली. मुलांना बाजारात नेऊन परदेशी पाहुण्यांशी बोलायला लावलं, त्यांची भाषा स्वतः शिकली. गेल्या वर्षी वर्गातली सगळ्यात लाजरी मुलगी भर सभेत उभी राहून इंग्रजीत बोलली आणि खाली उतरून साक्षीच्या गळ्यात पडली. आता नव्या शिक्षकांना तयार करायचं काम शाळेनं तिला दिलं होतं. पगार मात्र नावापुरताच वाढणार होता.

"इथनं जाताना माझ्याकडं नुसती पदवी व्हती, दादा. शिकवायचं कसं ते मला तिथं कळलं."

"तुला कळलं. आमाला काय मिळालं?"

बाळासोनं मध्येच तोंड घातलं. म्हणाला, "इंद्रजितराव, पोरींना मोकळीक दिली की असंच होतं. घरी नेऊन दोन दिवस बसवून ठेवा. करारावर सही करते की नाही बघू."

इंद्रजित त्याच्याकडं वळला.

"पोरगी कुणाला म्हणतोस रं?" तो हळू आवाजात म्हणाला. "मास्तरीण हाय ती. मॅडम म्हण."

टेबलाला वळसा घालून तो आत गेला आणि ड्रॉवर ओढला. वरचे कागद जमिनीवर पडले. पासपोर्ट त्यानं स्वतः शोधून काढला. बाळासो उठून उभा राहिला, पण मध्ये आला नाही.

बाहेर रस्त्यावर येऊन इंद्रजितनं पासपोर्ट तिच्या हातात कोंबला. तिच्याकडं पाहिलं नाही. साक्षी घाईघाईनं बोलायला लागली. या खेपेला ती जास्त शिल्लक टाकेल, स्वस्तातली खोली बघेल. त्यानं एकदा तिकडं यावं. पहाटे धुकं खिडकीतून थेट वर्गात शिरतं, ते त्याला दाखवायचं होतं.

इंद्रजितनं गाडीला किक मारली.

"जा तू," तो म्हणाला. "पैसं उरलं तर धाड, न्हाई तर ऱ्हाऊ दे. पर तिथलं काय मला सांगत जाऊ नगंस. धुकं न्हाई, डोंगर न्हाई, पोरं न्हाईत. फोनवर बी न्हाई."

"का पण?"

"त्ये ऐकलं तर मशीनवर पाय ठरायचा न्हाई माझा. मला अजून शिरवळातच ऱ्हायाचंय."