थोरलीच्या दारी

डांबर संपलं तिथेच यांजिमाचा विचार बदलला. "गाडी वळव," ती जावयाला म्हणाली.

ओचिरनं वळवली नाही. उलानबातरहून निघून आजचा दुसरा दिवस, सातशे किलोमीटर मागे पडलेले, आणि सासूबाईंचं हे तिसऱ्यांदा चाललं होतं. रस्ता गुळगुळीत असला की त्यांना बहिणीची माया यायची. खड्डे लागले की मानपान आठवायचा.

भांडण तसं हसण्यासारखंच. यांजिमा आणि दुलमा जुळ्या, दोघी एकाहत्तरच्या. आधी कोण जन्मली याबद्दल आई एक सांगायची, सुईण दुसरंच. वडील होते तोवर निभावलं. नव्या वर्षाच्या सणाला दोघी त्यांच्याकडेच जायच्या. ते गेले आणि पंचाईत झाली. सणाला धाकट्यानं थोरल्याच्या दारी जायचं, आपले उताणे हात त्याच्या कोपरांखाली धरायचे, आणि थोरल्यानं आपले हात त्यावर टेकायचे, ही रीत. मग कुणी कुणाकडे जायचं? बारा वर्षं दोघी आपापल्या घरी थोरल्या होऊन बसल्या, आणि एकमेकींचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

मागच्या हिवाळ्याआधी दुलमाचा नवरा वारला. तेव्हाही यांजिमा गेली नाही. ते मात्र तिला आतून खात होतं, म्हणून यंदाच्या सणाला ती निघाली होती.

"ती हात टेकणारच नाही बघ," ती आता म्हणाली. "नवरा गेला तेव्हा कुठे होतीस, म्हणेल. मी आपली हात पुढे करून उभी, आणि ती ढिम्म. या वयात चारचौघांत शोभा."

"म्हणजे खाली हात तुम्ही धरणार, हे ठरलंय तर," ओचिर म्हणाला.

"जावईबापू, पुढे बघून गाडी चालवा."

पुढे बघावं असा रस्ताच नव्हता. माळावर चाकांच्या आठ-दहा वाटा पसरलेल्या. ज्याला जी आवडेल ती त्यानं धरावी. ओचिरनं धरली ती नेमकी बर्फात रुतली. फावड्यानं तासभर उपसलं तरी गाडी जागची हलेना. यांजिमा मागच्या सीटवर गोठवलेल्या बूजची, खिमा भरलेल्या मोमोंची, गोणी मांडीशी घेऊन बसली होती आणि हा देवाचाच इशारा आहे, असं काहीसं पुटपुटत होती.

शेवटी एक ट्रकवाला आला. माळावर अडकलेल्याला सोडून कुणी पुढे जात नाही, तोही गेला नाही. दोर बांधून त्यानं गाडी ओढून काढली, तपकिरीची कुपी पुढे केली आणि सण कसा चाललाय, जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, अशी सगळी चौकशी केली. मग यांजिमाकडे वळून म्हणाला, "एवढ्या लांब निघालात आजी, म्हणजे थोरल्या बहिणीकडेच असणार."

यांजिमानं तोंड उघडलं. ओचिर दोराची गाठ सोडत राहिला.

"हो," ती म्हणाली. "थोरल्या बहिणीकडे."

गोठलेल्या नदीपाशी ओचिरनं यांजिमाला खाली उतरवलं आणि बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून दार उघडं ठेवून रिकामी गाडी बर्फावरून हळूहळू पलीकडे नेली. ती मागून एकटी चालत आली. पायाखाली बर्फ कडकडत होता. ओचिरला वाटलं, आता नक्की परत फिर म्हणणार. ती गाडीत बसली आणि डोक्यावरची टोपी नीट केली, एवढंच.

दिवस कलता कलता दुलमाचा तंबू दिसला. धुराड्यातून धूर निघत होता. आणि दुलमा बाहेर उभी होती.

सणाच्या दिवसांत थोरल्या माणसानं आत, मानाच्या जागी बसून राहायचं असतं. ही बाहेर आली, म्हणजे दारातूनच परत पाठवणार, असं यांजिमाला वाटलं. गाडी थांबली तरी ती जागची उठेना. ओचिरनं येऊन दार उघडलं, तेव्हा कुठे निळ्या रेशमाचा खदग, मानाचा शेला, हातांवर पसरून ती उतरली.

चार पावलांवर आल्यावर तिला दिसलं. दुलमाच्या हातांवरही खदग होता, आणि तिचेही हात उताणे होते.

यांजिमानं घाईघाईनं आपले हात तिच्या कोपरांखाली घातले. दुलमाचेही खालूनच आले. बोटांवर बोटं आपटली. यांजिमानं हात आणखी खाली नेले, दुलमानं त्याहून खाली.

"हात वर घे," यांजिमा म्हणाली. "थोरली तू. भाऊजी गेले तेव्हा मी यायला हवं होतं."

"मी कशी थोरली?" दुलमा रडत होती आणि चिडलीही होती. "ते जायच्या आधीच मी तुझ्याकडे यायला हवं होतं. तूच घे वर."

"उगाच हट्ट करू नकोस."

"हट्ट तू करतेयस."

आतून दुलमाच्या सुनेनं दोनदा हाक मारली, चहा निवतोय म्हणून. कुणी ऐकलं नाही. वाकता वाकता दोघींचे गुडघे बर्फाला टेकले होते, आणि वर हात घ्यायला अजून कुणीच तयार नव्हतं.